मार्गहक्क शुल्क

मार्गहक्क शुल्क : वीज, गॅस, दूरध्वनी किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी सार्वजनिक रस्त्याखालून नळ वा केबल नेते, रस्त्याकडेला खांब रोवते, त्याबद्दल रस्त्याच्या मालकाला देते ती रक्कम. शहरी हद्दीत हा मालक बहुधा नगरपालिका असते. कार्यालयात हिला ‘रस्ता खोदाई शुल्क’ म्हणतात, ठेकेदार ‘रोड कटिंगचे पैसे’ म्हणतो. या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात: फोडलेल्या रस्त्याची भरपाई आणि लोकांच्या जागेचे भाडे. महाराष्ट्रात पहिली वसूल होते. दुसरी जवळजवळ नाहीच. जावळी तालुक्याचे ठाणे असलेल्या मेढ्यासारख्या लहान नगरपंचायतीला याची झळ मोठ्या शहरांहून जास्त लागते.

भाड्याची पद्धत अमेरिकेत रुजली आहे. तिथे केबल कंपनी शहराला दरवर्षी आपल्या ढोबळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देते, आणि १९८४ च्या केंद्रीय कायद्याने त्याची कमाल मर्यादा ५ टक्के ठेवली आहे. एखाद्या वर्षी रस्ता फुटला की नाही, हा प्रश्नच येत नाही. तिथे या रकमेला ‘फ्रँचायझी फी’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द वेगळ्या अर्थाने रूढ झाला. २००७ पासून भिवंडीत महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वीज वितरण सांभाळते, ती ‘फ्रँचायझी’. तो करार वीज कंपन्यांमधला आहे. भिवंडीच्या रस्त्यांचे भाडे त्यात नाही.

रस्त्याच्या बदल्यात शहराने काही पदरात पाडून घ्यावे, ही कल्पना मात्र मराठी मुलखाला नवी नाही. १८७४ च्या ट्रामवे कायद्याखाली मुंबईच्या रस्त्यांवर रूळ टाकण्याची परवानगी खासगी कंपनीला मिळाली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी घोड्यांची ट्राम धावली. पुढे वीजपुरवठा आणि ट्राम ‘बेस्ट’ या एकाच कंपनीकडे आले. ठरलेल्या मुदतीनंतर सारा उद्योग विकत घेण्याचा हक्क पालिकेने राखून ठेवला होता, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी तो बजावून बेस्ट आपल्या ताब्यात घेतली. आजच्या एखाद्या नगरपंचायतीच्या परवानगीपत्रात इतके मोलाचे कलम सापडणे कठीण.

याचे कारण कायद्यात आहे. १८८५ च्या तार कायद्याने तारा टाकण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला. स्थानिक संस्थेची परवानगी आवश्यक केली, पण तिला मागता येईल तो प्रामुख्याने होणारा खर्च. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ६७ परवानाधारकाला रस्ता उकरण्याची मुभा देते आणि नुकसानीची पूर्ण भरपाई त्याच्यावर टाकते. तिथेही बोलणे नुकसानीचे आहे, जागेच्या किमतीचे नाही. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २६५ मुळे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, त्यामुळे नगरपंचायतीने नुसता ठराव करून असे भाडे सुरू करावे, ही वाट बंद आहे.

दूरसंचाराबाबत २०१६ च्या मार्गहक्क नियमांनी आकडाच बांधून दिला होता. जमिनीखालच्या केबलसाठी अर्ज तपासण्याचा खर्च किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये, त्यावर रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च, आणि याखेरीज काही नाही. साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जात होते. म्हणजे गावात पाच किलोमीटर केबल गेली तर नगरपंचायतीच्या हाती तपासणीचे फार तर ५,००० रुपये येणार होते, तेही एकदाच. केबलवरचा धंदा मग वर्षानुवर्षे चालतो. भारतनेटच्या केबलसाठी तर राज्यांनी मार्गहक्क फुकट देण्याचे मान्य केले होते. खेड्यापर्यंत इंटरनेट नेण्यासाठी ते योग्यच होते. पण सरकारी योजनेला दिलेली सवलत आणि नफ्याच्या जाळ्याला मिळणारी स्वस्ताई एकाच मापाने मोजू नये.

मोबाइल टॉवरवरचा मालमत्ता कर हा दुसरा मार्ग होता. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात असा कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १४ ने दूरसंचार जाळे हे ज्या मालमत्तेवर उभे आहे तिचा भाग मानायचे नाही, मालमत्ता करासाठीही नाही, असे ठरवले. या कायद्याखालचे नवे मार्गहक्क नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

पुण्यासारखी महापालिका निदान भरपाईचा दर चढा ठेवू शकते. तिथे खासगी कंपन्यांना खोदाईसाठी रनिंग मीटरला १२,१९२ रुपये असा दर राहिला आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई थांबवली जाते. हिशेब मांडायला, कामावर उभे राहायला तिच्याकडे अभियंते आहेत. मेढ्याच्या आकाराच्या गावात हे बळ नसते. त्यात तालुक्याच्या गावांतून जाणारा मुख्य रस्ता अनेकदा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. तिथल्या खोदाईचे पैसे खात्याकडे जातात. गल्लीबोळ तेवढे नगरपंचायतीचे.

मेढा वेण्णेच्या खोऱ्यात, साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पाऊस भरपूर. अशा मुलखात चर नुसती माती लोटून बुजवला तर पहिल्याच मोठ्या पावसात खचतो. म्हणून मुरूम थराथराने दाबणे, वर खडी आणि मग डांबर वा काँक्रीट, हा सगळा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. खोदताना जुनी नळजोडणी फुटते, तिची दुरुस्ती पृष्ठभागाच्या दरात बसत नाही. नव्या रस्त्यावर ठेकेदाराची हमी चालू असताना तो दुसऱ्याने फोडला, की खड्ड्याची जबाबदारी कोणाची यावर वाद सुरू होतो. अनामत ठेवून घेणे आणि पावसाळा उलटल्यावर पाहणी करूनच ती परत करणे, हे मुख्याधिकाऱ्याच्या हातात असलेले खरे साधन आहे.

भाड्याची एक वाट अजून खुली दिसते. रस्ता काँक्रीटचा करताना नगरपंचायतीने खाली रिकाम्या नळ्या, म्हणजे डक्ट, टाकून ठेवल्या तर ती तिची स्वतःची मालमत्ता ठरते आणि केबल ओढणाऱ्यांना भाड्याने देता येते. रस्ताही फुटत नाही. डक्टचा खर्च मात्र रस्त्याच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावा लागतो, कारण काँक्रीट पडल्यावर ती टाकायला तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो.