विद्यापीठ शुल्क : देशी व परदेशी विद्यार्थी

एकाच वर्गातील विद्यार्थ्यांकडून त्यांचे नागरिकत्व किंवा रहिवास पाहून वेगवेगळे शिक्षणशुल्क घेण्याची पद्धत. सरकारी अनुदान करदात्यांच्या पैशातून येते, म्हणून बाहेरच्याने पूर्ण खर्च द्यावा, हा यामागचा युक्तिवाद. ब्रिटनने १९८० च्या सुमारास तो धोरण म्हणून स्वीकारला.

छत्रपती संभाजीनगरात १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात येमेनसारख्या देशांतून विद्यार्थी येत आले आहेत. त्याच शहरातील गारखेड्यातल्या मुलीचा हिशेब मात्र वेगळा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ती आर्थिक दुर्बल, इतर मागास किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील असेल, तर केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास २०२४-२५ पासून शासन तिचे शिक्षणशुल्क पूर्ण भरते.

नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (एनआयटी) ही तफावत लख्ख दिसते. २०१६ मध्ये एनआयटीतील बी.टेक.चे वार्षिक शिक्षणशुल्क सव्वा लाख रुपये ठरले. अनुसूचित जाती-जमातींना ते माफ. परदेशातून थेट प्रवेश देणाऱ्या ‘दासा’ योजनेतून येणाऱ्या परदेशी वा अनिवासी विद्यार्थ्याला अनेक वर्षे दरसाल आठ हजार डॉलर मोजावे लागले, सार्क देशांतील विद्यार्थ्याला त्याच्या निम्मे. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांना राखीव जागांवर देशी दरच लागतो. ही सवलत रास्तच आहे, कारण आखातात राबणारा प्रत्येक बाप श्रीमंत नसतो.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी कमाल १५ टक्के जागा ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुभा दिली. या जागांतून मिळणारी रक्कम दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, अशी अपेक्षाही निकालात नोंदवली आहे.