शिकस्त म्हणजे हार?

कोडोली पन्हाळा तालुक्यातलं गाव. इथल्या मुलांना 1660 चा वेढा शिकवावा लागत नाही, ऐकतच ती मोठी होतात. तरी त्या वेढ्यावरच्या एखाद्या कादंबरीतला उतारा वर्गात वाचायला घेतला की ती अडतात. प्रसंगावर नव्हे, शब्दांवर.

मागे असाच उतारा चालू होता. घोडखिंडीत मावळ्यांनी शिकस्त केली, अशा अर्थाचं वाक्य आलं. घरी उर्दू बोलणारा एक मुलगा उठला. "सर, म्हणजे ते हरले?" वर्ग हसला. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. फारसीत शिकस्त म्हणजे मोडतोड, पराभव. उर्दू बातम्यांत क्रिकेटचा संघसुद्धा शिकस्त खातो. मराठीत तोच शब्द पराकाष्ठा झाला. मी त्याला अर्थ सांगितला नाही, पुढच्या दोन ओळी वाचायला सांगितल्या. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडली नव्हती. हरलेली माणसं असं करत नाहीत, हे त्याचं त्यालाच उमगलं.

थोड्या वेळाने हसणाऱ्यांची पाळी आली. सिद्दी जौहरने पन्हाळ्याभोवती मोर्चे बांधले. "मोर्चा काढतात ना सर, बांधतात कसा?" तहसील कचेरीवरचे मोर्चे पाहिलेल्या मुलाचा हा प्रश्न. इथे मात्र मघाचा मुलगा कामी आला. उर्दूत मोर्चा म्हणजे अजूनही लढाईची फळी, खंदक. एकाच पानावर घरची भाषा एकदा आडवी येते, एकदा हात देते. कधी काय होईल ते आजूबाजूची वाक्यंच ठरवतात.

हेजीब कोणालाच माहीत नव्हता. पण गंगाधरपंत हेजीब म्हणून जौहरकडे जातात, तहाची बोलणी करतात, निरोप घेऊन परततात. एवढ्यावरून मुलांनी 'वकील' म्हणून टाकलं, आणि ते बरोबर होतं. मग एका मुलीने हळूच विचारलं, "सर, हिजाबसारखाच आहे ना हा शब्द?" आहेच. अरबीत दोन्हींचं मूळ एक, आड करणं. हाजिब म्हणजे दरबाराच्या पडद्याशी उभा राहून कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातून तो मराठीत हेजीब होऊन आला आणि शिवाजी महाराजांचा वकीलही त्याच नावाने ओळखला गेला.

हे शब्द तेव्हा लोकांना परके नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1628 च्या एका पत्रातले शब्द मोजले होते: एकूण 236, त्यांत फारसी 202. पुढे महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती झाला. राज्याची भाषा आपली असावी हा त्यांचा निर्णय स्पष्ट होता, तो झाकायचं कारण नाही. पण तेव्हा अर्थ समजावून सांगावा लागला असेल तो अमात्याचा. मुजुमदार सगळ्यांना ठाऊक होता. आणि कोशानंतरही हवालदार हवालदारच राहिला. आजही पोलीस चौकीत आहे. सबनीस, फडणीस, चिटणीस तर आडनावं होऊन बसले.

मला खटकतं ते वेगळंच. कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांत खान तोंड उघडतो तो 'गुस्ताख' आणि 'काफर' घेऊनच. मावळा मात्र स्वच्छ मराठी बोलतो. संदर्भावरून वाचणारं मूल 'गुस्ताख'चा अर्थ काढतं: रागाचा काहीतरी शब्द. अर्थ अर्धामुर्धा लागतो, पण त्याच्यासोबत दाढीवाला, डोळे वटारलेला चेहरा पक्का बसतो. संदर्भ अर्थ देतो, पण तो संदर्भ निवडणारा लेखक असतो. वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या घरी आई 'गुस्ताखी मत कर' असं रोज म्हणते. त्यांना त्या पानावर आपल्या आईची भाषा कोणाच्या तोंडी भेटते, याचा विचार शिक्षकाने तरी करायला हवा. मीही बरीच वर्षं केला नव्हता.

म्हणून पुढच्या तासाला उताऱ्यातले अरबी-फारसी-तुर्की शब्द दोन याद्यांत लिहायला लावले, मावळ्यांच्या तोंडचे एकीकडे, विजापूरकरांच्या तोंडचे दुसरीकडे. मावळ्यांची यादी वाढतच गेली: किल्ला, फौज, तोफ, मुजरा. मुजऱ्यावर पुन्हा हशा पिकला, कारण उर्दूवाल्या मुलांना सिनेमातला नाच आठवला. शिकस्त कोणत्या यादीत घालायचा यावर मात्र घंटा होईपर्यंत वाद चालला. तो शब्द दोघांपैकी कोणाच्याच तोंडी नव्हता. निवेदनातला होता, लेखकाचा स्वतःचा.