मालक मुंबईत, बाग कोकणात: आंब्याची राखण कशी होते?

लालबाग, परळ, गिरगाव, दादरमधल्या अनेक कुटुंबांच्या आंब्याच्या बागा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आहेत. मार्च ते मे हा हापूसचा मुख्य हंगाम. चोरीची भीतीही तेव्हाच जास्त. मग शेकडो किलोमीटरवरून राखण कशी करायची?

राखणदार: हंगामात अनेक बागांत नेपाळी कामगार मुक्कामी असतात. त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि फोटो जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

हद्द: गडगा घालण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. हद्दीचाच वाद असेल, तर घुसखोरीची तक्रार लंगडी पडते.

कुंपण: सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. घरातली वीज थेट तारेत सोडणं मात्र बेकायदेशीर आहे. त्यात कुणी दगावलं, तर गुन्हा मालकावरच दाखल होऊ शकतो.

कॅमेरा: बागेत वीज किंवा वायफाय नसेल, तर सिमकार्डवर चालणारा सौर कॅमेरा लावता येतो. आधी रेंज तपासा.

कायदा: झाडावरचा आंबा तोडून नेणं हीसुद्धा चोरीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत, तर कलम ३२९ नुसार घुसखोरीला ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चोर सापडला तरी मारहाण नको; ११२ वर फोन करा.

कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही. रात्री २ वाजता मोबाईलवर अलर्ट आला, तर मुंबईहून पोहोचेपर्यंत सकाळ होईल. म्हणून शेजारच्या बागायतदाराचा आणि गावच्या पोलीस पाटलांचा नंबर आजच सेव्ह करा.