ग्रंथाची वाट

सज्जनहो, ग्रंथ लिहून झाला, छापून आला, वर पुठ्ठ्याची बांधणी चढली, आता तो वाचकाच्या हाती पडायला कितीसा वेळ, असे लिहिणाऱ्याला वाटते. जन्मभर कीर्तनाला उभा राहिलेल्या मला तर तसे वाटणारच. कीर्तनात शब्द तोंडातून निघाला की समोरच्याच्या कानी पोहोचतो. मध्ये दुकान नाही, पावती नाही. ग्रंथाला मात्र छापखान्याच्या दारापासून वाचकाच्या दारापर्यंत चालत जावे लागते. त्या वाटेचा थोडा इतिहास सांगतो आणि त्यात माझी फजितीही सांगतो.

छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ बाडांतून फिरत. ज्याला हवा असेल तो स्वतः उतरवून घेई किंवा लेखकाकडून उतरवून घेववी. म्हणजे प्रत तयार होण्याआधीच तिचा वाचक ठरलेला असे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी छापून काढली. असे ग्रंथ छापले जाऊ लागले आणि हा क्रम उलटला. प्रती आधी तयार होऊ लागल्या, वाचक मागाहून शोधावा लागला. प्रकाशकाची सारी चिंता या उलट्या क्रमातून जन्मली.

ही चिंता ज्याने ओळखली, असा एक पुरुष म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश करायचे मनात घेतले. एवढा अवाढव्य ग्रंथ अंगावर घ्यायला कोण तयार होणार? केतकरांनी १९१६ च्या सुमारास नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनीच उभी केली. भाग विकले, वर्गणीदार मिळवले, पुढे कचेरी पुण्यास आणली. यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासारखे सहकारी जोडले. आधी प्रस्तावनेचे पाच खंड, मग अकारविल्हे पुढचे, असे करत तेवीस खंड पुरे झाले. आजही जुन्या वाचनालयांच्या कपाटांत ते ओळीने उभे दिसतात. या खटाटोपाची हकिगत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली. वाचकहो, त्यांनी केले काय, तर बाडांच्या काळचा क्रम परत आणला. वाचक आधी, प्रत मागून.

मी नेमके उलटे केले. गळ्याने साथ सोडली तेव्हा निरूपणाच्या वह्या काढल्या, मुदत ठेव मोडली आणि पाचशे प्रती छापल्या. बांधणी कापडी कण्याची, जाड पुठ्ठ्याची. गठ्ठे माजघरात आले. एक पिशवी भरून शहरातल्या पुस्तकांच्या दुकानी गेलो. दुकानदाराने पुस्तक उलटेपालटे करून विचारले, “महाराज, यावर किंमत कुठे आहे?” मी म्हणालो, “ज्याला जे द्यावेसे वाटेल ते.” तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, “पेटीत टाकायला ते ठीक आहे. मला बिल करावे लागते.” पुस्तकाला आयएसबीएन क्रमांकही नव्हता. तो दिल्लीच्या सरकारी कचेरीतून विनामूल्य मिळतो आणि छपाईपूर्वीच घ्यायचा असतो, हे मला पाचशे प्रती छापल्यावर समजले. शेवटी किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दुकानदाराने दहा प्रती ठेवून घेतल्या, विकल्या तर पैसे या बोलीवर, आणि किमतीचा तिसरा हिस्सा त्याचा. मला तेव्हा तो हिस्सा फार वाटला. पण दुकानाचे भाडे, दिवाबत्ती आणि न विकलेल्या पुस्तकाने अडवलेली जागा यांचा हिशेब मांडला, तेव्हा राग गेला.

ग्रंथालयाचे दार निराळे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात : एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक चेन्नई, मुंबई व दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांस. कोलकात्याची प्रत उत्तमातल्या उत्तम कागदावरची आणि नीट बांधलेली वा शिवलेली हवी, असे कायदाच म्हणतो. जो स्वतः छापतो तोच प्रकाशक, म्हणून हे कर्तव्य माझे होते. मी ते उशिरा केले. गावोगावची वाचनालये महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत मोडतात आणि अनुदानातून पुस्तके घेतात. शासनाची निवडक ग्रंथांची यादी असते. १९७२ साली स्थापन झालेले कोलकात्याचे राजा राममोहन राय प्रतिष्ठानही राज्यांच्या साहाय्याने ग्रंथ पुरवते. या साऱ्यांना पुस्तक आधी कळवावे लागते आणि बिल द्यावे लागते. घरबसल्या कोणी विचारायला येत नाही.

दोन पावसाळ्यांत माजघरातल्या काही प्रतींचे पुठ्ठे वाकले. त्या पाहून पोटात कालवे. मग चांगल्या प्रती उचलल्या आणि एसटीने एकेक वाचनालय गाठू लागलो.

परवा एका तालुक्याच्या वाचनालयात माझेच पुस्तक मागितले. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर अकरा तारखांचे शिक्के होते. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले होते, पण शिवण शाबूत होती. आत एका पानावर मी एका ओवीचा क्रमांक चुकवला होता, तिथे कोणी अनामिकाने शिसपेन्सिलीने बरोबर क्रमांक लिहिला होता. कीर्तनात माझी चूक अशी उठून कोणी सांगितली नाही. भिडेपोटी सारे माना डोलावत. ती पेन्सिलीची खूण पाहिली आणि मोडलेली ठेव फिटली असे वाटले.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वह्यांची चवड असेल, तर जरूर छापा. पण आधी पन्नास वाचकांची नावे कागदावर लिहा, पुस्तकाला क्रमांक घ्या, किंमत छापा, चार प्रती कायद्याच्या बाजूला काढा, आणि मगच छापखान्याची पायरी चढा. पाचशेच छापाव्यात असे कुठे आहे? दोनशे वाचल्या गेल्या, तर त्या माजघरातल्या पाचशेंपेक्षा पुष्कळ.