नाण्यावरून उतरलेली राजमाता

१/ इ.स. ५४. क्लॉडियसच्या मृत्यूनंतर अवघ्या १६ वर्षांचा नीरो रोमचा सम्राट झाला. त्या वर्षाअखेरच्या सुवर्णनाण्यावर, म्हणजे ‘ऑरियस’वर, दोन चेहरे समोरासमोर आहेत: नीरो आणि त्याची आई आग्रिपिना. आकाराने दोघेही तुल्यबळ.

२/ आता भोवतालचा लेख वाचा. दर्शनी बाजूवर नाव आहे ते आईचे! ‘आग्रिपिना आगुस्ता, दिव्य क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता.’ सम्राटाचे नाव मागील बाजूस, ओकच्या पानांच्या मुकुटाभोवती. तेही चतुर्थी विभक्तीत, ‘नीरोला’ अशा रूपात.

३/ एक ऑरियस म्हणजे २५ दिनार. सैनिकाचा वार्षिक पगार २२५ दिनार, म्हणजे जेमतेम नऊ ऑरियस. हे नाणे बाजारातल्या भाजीवाल्यासाठी नव्हते. ते ज्यांच्या हाती पडे, त्यांना सत्तेतील असे बदल नेमके कळत.

४/ दरबारात मात्र संघर्ष पेटला होता. आर्मेनियाचे दूत आले असता आग्रिपिना सम्राटाशेजारी आसनस्थ होण्यास निघाली. सेनेकाने नीरोला उठून आईला सामोरे जाण्यास सुचवले. आदराच्या मिषाने तिला वाटेतच थोपवले गेले. प्रसंग टॅसिटसने नोंदवला आहे.

५/ इ.स. ५५ चे नाणे पाहा. दोघेही आता एकाच दिशेला पाहतात. नीरो पुढे, आई त्याच्या आड. तिच्या चेहऱ्याची केवळ कड दिसते. दर्शनी लेख नीरोचा, तिचे नाव मागे गेलेले. त्यानंतरच्या ऑरियसवर नीरो एकटाच.

६/ इ.स. ५९ मध्ये नीरोने आईची हत्या करविली. आधी बुडणारी नौका योजली होती. ती पोहून वाचली, मग तलवार आली. नाण्यांनी तिला चार वर्षे आधीच निरोप दिला होता.

७/ इ.स. ६४ मध्ये रोम जळाले. त्याच सुमारास एका रोमन पौंड सोन्यातून ४५ ऑरियस पाडले जाऊ लागले. पूर्वी ४० ते ४२ निघत. सोने घटले आणि नाण्यावरचा नीरो मात्र अधिकाधिक गुबगुबीत झाला. (हा विनोद नाही, नाणी शेजारी ठेवून पाहा.)

८/ यातली काही नाणी भारतातही पोहोचली. १८९८ मध्ये तमिळ प्रदेशातील पुदुक्कोट्टई येथे सुमारे ५०० ऑरियस सापडले. बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा आडवा घाव आहे. नाणे म्हणून ते बाद. उरले ते वजनावर विकायचे सोने.