बिरवाडीची एमआयडीसी आणि हिंजवडीची एमआयडीसी

'आपल्या बॅचचे इंजिनिअर' असा विषय संपादक मंडळाने दिला, म्हणून मी आधी यादी करायला घेतली. १९९५ च्या दहावीच्या आपल्या दोन तुकड्यांतून पदवीधर इंजिनिअर निघाले चौदा. त्यांतले आठ जण पुणे-नवी मुंबईत, दोघे बंगळूरला, तिघे परदेशात, आणि महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात फक्त एक. आपण ज्या एसटीने शाळेत यायचो, तीच एसटी पुढे कारखान्यांच्या फाटकांवरून जायची. एवढे कारखाने दारात असताना आपल्यापैकी तेरा जण बाहेर का गेले? "बाहेर पगार जास्त" हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. चौदात आम्ही मुली पाच होतो आणि पाचांतली एकही कारखान्यात गेली नाही, याचा उलगडा पगाराने होत नाही.

आधी आपल्या एमआयडीसीबद्दल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यातच दाटले होते, ते मागास भागात न्यावेत म्हणून १९६४ पासून सरकारने प्रोत्साहन योजना आणली आणि पुढे ती अनेकदा वाढवली. मागास तालुक्यात कारखाना काढला की विक्रीकरात सवलत, असा तिचा गाभा होता. महाड-पोलादपूर तेव्हा मागासच. भाताचं एक पीक निघायचं आणि घर चालायचं ते गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर संपलाच नाही, आणि आपल्या कित्येक घरांतले बाबा-काका ट्रंक घेऊन गावी परतले. पुढच्या काही वर्षांतच बिरवाडीच्या माळावर प्लॉट पडायला लागले. गावाला वाटलं, गिरणी गेली पण कंपनी आली.

पण गिरणी आणि रासायनिक कारखाना यांत जमीन-अस्मानाचा फरक. गिरणीला माणसं लागायची, हजारोंनी. रसायनाच्या प्लँटला लागतं भांडवल, पाणी आणि सांडपाणी सोडायला जागा. कुंडलिकेवर रोहा, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे अशी रांग महामार्गाने उभी राहिली ती उगाच नाही. लक्ष्मी ऑर्गॅनिक आणि विनती ऑर्गॅनिक्स या दोन्ही कंपन्या १९८९ साली स्थापन झाल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे प्लँट महाडमध्ये सुरू झाले. सुदर्शन, हायकल, प्रिवी ही नावं तर आपण बसच्या खिडकीतून पाट्या वाचून पाठ केली होती. विनतीत आयसोब्युटिल बेंझिन बनतं, ज्यापासून पुढे आयबुप्रोफेन तयार होतं. म्हणजे अंगदुखीवरची जी गोळी जगभर घेतली जाते, तिचं एक टोक बिरवाडीत आहे. हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कळायचा तो फक्त वास. रात्री वारा फिरला की घराघरांत खिडक्या लावायचे.

अशा प्लँटच्या एका शिफ्टला माणसं किती लागतात? आपल्या यादीतला जो एकमेव प्लँटवाला आहे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "एक शिफ्ट इंजिनिअर, दोन केमिस्ट, आठ-दहा ऑपरेटर, आणि बाकी सगळे कंत्राटदाराचे." कोट्यवधींची यंत्रं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या इंजिनिअरच्या जागा. त्यातच नियंत्रण कक्षात संगणक आले आणि जे व्हॉल्व्ह पूर्वी ऑपरेटर फिरवायचा ते पडद्यावरून फिरू लागले. (हे सॉफ्टवेअर आमच्यासारखेच लोक लिहितात, हे त्याने मला हसत हसत ऐकवलं.) ज्या थोड्या जागा होत्या त्याही माटुंग्याच्या यूडीसीटीतून किंवा नागपूरच्या एलआयटीतून आलेल्यांनी भरायच्या. 'स्थानिकांना ८० टक्के' हा सरकारी दंडक आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पर्यवेक्षकाच्या जागांवर तो ५० टक्के आहे. पण त्यातल्या 'स्थानिक' शब्दाचा अर्थ महाड तालुक्याचा असा नाही. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कुणीही स्थानिक. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना फाटकावर हे कळलं.

आता शिक्षणाकडे वळते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं म्हणजे सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकी दारं. त्यानंतर दारं वाढली, फीही वाढली. आपल्याच रायगड जिल्ह्यात १९८९ च्या कायद्याने लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभं राहिलं. तिथे पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंगची शाखा आहे, जी राज्यात फार थोड्या ठिकाणी आढळते. रोहा-महाड-लोटे पट्ट्यासाठी यापेक्षा जवळचं काय असणार? कागदावर सगळं जुळत होतं.

आपण बारावी झालो १९९७ ला. तेव्हा सीईटी नव्हती, ती १९९९ ला आली. बारावीचे पीसीएमचे मार्क, ७०:३० चा विद्यापीठ कोटा, आणि 'फ्री सीट' की 'पेमेंट सीट' हा घरातला कळीचा प्रश्न. फ्री सीट मिळाली तर शेतकऱ्याचं पोर इंजिनिअर होऊ शकत होतं. पेमेंट सीट म्हणजे जमिनीचा तुकडा किंवा आईच्या पाटल्या. आपल्या वर्गातल्या किमान दोघांनी आमच्यापेक्षा गणितात जास्त मार्क मिळवले होते आणि तरी ते महाडला आयटीआयला गेले, हे सगळ्यांना आठवत असेल. देशपातळीवर जिला 'इंजिनिअरांची वाढती संख्या' म्हणत होते, तिच्यात कोण शिरला आणि कोण नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका फीच्या आकड्याने ठरवलं.

आणि आता आम्हा पाचजणींचं. कारखाने कायदा १९४८ चा. त्याच्या ६६ व्या कलमानुसार स्त्रीला कारखान्यात कामावर ठेवता येत असे ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात. राज्य सरकार थोडी ढिलाई देऊ शकत असे, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळात तीही नाही. हेतू संरक्षणाचा होता आणि १९४८ साली तो समजण्यासारखाही होता. पण रासायनिक प्लँट चोवीस तास चालतो. नवीन इंजिनिअरची पहिली दोन-तीन वर्षं फर्स्ट, सेकंड, नाईट अशीच जातात आणि काम तो तिथेच शिकतो. जिला नाईट करता येत नाही तिला शिफ्टला घेत नाहीत, आणि जी शिफ्ट करत नाही ती प्लँट मॅनेजर होत नाही. मग मुलींसाठी उरायची प्रयोगशाळा, क्यूसी आणि ऑफिस. 'मुलींनी अर्ज करू नये' असं टेल्कोने १९७४ साली जाहिरातीत छापलं, सुधा मूर्तींनी त्यावर जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या पुण्याला रुजू झाल्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वेळेस जाहिरातीत असं छापायची गरजच नव्हती, शिफ्टच्या तक्त्यातच ते लिहिलेलं असायचं. मुलाखतीला बोलावून, "मॅडम, रात्रीचं काय करणार?" एवढं विचारलं की विषय संपला. आमच्यातल्या एकीने केमिकल केलं होतं, पहिला वर्ग मिळवून. तिला हे वाक्य तीन ठिकाणी ऐकावं लागलं. आज ती बंगळूरला बँकेचं सॉफ्टवेअर तपासते.

सॉफ्टवेअरचा हिशोब याच्या बरोबर उलटा होता. तिथे परदेशी ग्राहक पैसे मोजायचा ते माणसामागे, तासावर. जितकी माणसं जास्त तितकी कंपनीची मिळकत जास्त. म्हणून शाखा कोणती हे कुणी पाहिलं नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल, कुणीही या, तीन महिने शिकवू आणि कामाला लावू. वाय-टू-केच्या कामाने दार उघडलं. अमेरिकेने एच-वन-बी व्हिसांची वर्षाची मर्यादा ६५ हजारांवरून वाढवत १ लाख ९५ हजारांवर नेली. रात्रपाळीचा प्रश्न इथेही होताच, पण या उद्योगाला दुकाने व आस्थापना कायद्यातून सूट मिळाली आणि कंपन्यांनी घरापर्यंत गाड्या दिल्या. एका धंद्यासाठी कायदा वाकला आणि दुसऱ्यासाठी वाकला नाही. दोन्हीकडची रात्र मात्र एकच होती.

गंमत म्हणजे हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्कही एमआयडीसीनेच वसवलेलं. शेतजमीन ताब्यात घेणारं, रस्ते आखणारं, प्लॉट देणारं महामंडळ तेच. आपल्या आईवडिलांना "पोरगी एमआयडीसीत आहे" असं सांगता येत होतं आणि ते खोटं नव्हतं.

मी पदवी घेतली २००१ ला, म्हणजे नेमकी डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर. हातात नेमणूकपत्र होतं, वर्षाला १ लाख ८० हजारांचं, आणि रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे गेली. कंपनीचं नाव इथे नको. त्या नऊ महिन्यांत मी बिरवाडीत शिकवण्या घेतल्या. आपल्याच वर्गातला एक जण तेव्हा बीएस्सी करून प्लँटमध्ये केमिस्ट होता, महिना साडेतीन हजारांवर. त्याला माझा कागदावरचा पगार ऐकून चक्कर आली होती. पण महिन्याच्या सात तारखेला पैसे हातात पडायचे त्याच्या, माझ्या नव्हे.

तेव्हाचे १ लाख ८० हजार म्हणजे महिना १५ हजार. २००१ पासून आजपर्यंत महागाई साधारण चौपट झाली आहे, म्हणजे त्याच किमतीचा पगार आज महिना ६० हजार हवा. प्रत्यक्षात मोठ्या आयटी कंपन्यांनी कॉलेजमधून सरसकट भरती केलेल्या नव्या मुलाला २०१० च्या सुमारास वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास दिले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही आकडा साडेतीन लाखांच्याच आसपास राहिला. टीसीएसचा बहुचर्चित आकडा ३ लाख ३६ हजार, म्हणजे महिना २८ हजार. सोन्यात मोजायचं तर २००१ ला माझ्या महिन्याच्या पगारात साडेतीन तोळे आले असते, आज २८ हजारांत तीन ग्रॅमही येत नाही. सोनं हे काही न्याय्य मोजमाप नव्हे, पण आपल्याकडे आयांना तेच पटकन कळतं. कारण सरळ आहे. कॉलेजं इतकी निघाली की पुढे राज्यात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या आणि कित्येक कॉलेजं बंद पडली. पदवीधर रांगेत उभे असताना सुरुवातीचा पगार वाढवायची कंपनीला गरज काय? अनुभवी माणसाचे पगार वाढले, आमचेही वाढले, हे नाकारत नाही. पण जुलै २०२५ मध्ये त्याच टीसीएसने १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीचे, म्हणजे आपल्या वयाचे, जास्त असतील असं म्हटलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस कुणी 'गुड मॉर्निंग' टाकलं नाही.

इकडे महाडचं काय? चीनने प्रदूषणावर बडगा उगारल्यावर जगातले ग्राहक दुसरा पुरवठादार शोधू लागले आणि इथल्या विशेष रसायनांना मागणी आली. लक्ष्मी ऑर्गॅनिक मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. त्याच वर्षी जुलैत महापुराने महाड बुडालं आणि तळियेवर दरड कोसळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये औषधांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. शेअरचे भाव पुण्यात बसूनही बघता येतात, पण स्फोटाचा आवाज ऐकायला तिथेच राहावं लागतं.

म्हणून यादी करताना मी संपादकांचा विषय थोडा ताणला आहे. चौदा नावांखाली मी आणखी अकरा घातली. एओसीपीचा, म्हणजे 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट'चा आयटीआय करून गेली पंचवीस वर्षं रिअॅक्टर चालवणारे चार जण, बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झालेले दोघे, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक एक, आणि बीएस्सी केमिस्ट चौघे. त्यांच्यातला एक बॉयलरवाला मला म्हणाला, "अगं, आम्ही कुठले इंजिनिअर?" पण तापमान चढायला लागलं तर पहाटे तीन वाजता काय करायचं हे त्याला ठाऊक आहे. आम्हा तेरांपैकी कुणाला ठाऊक नाही. एवढ्यावर त्याचं नाव यादीत राहावं असं मला वाटतं, आणि सरांना-बाईंना ते मान्य होईल.

राहता राहिलं ६६ वं कलम. मद्रास उच्च न्यायालयाने २००० सालीच त्यातलं रात्रीचं बंधन घटनाबाह्य ठरवलं होतं. २०२० च्या नव्या श्रम संहितेत स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून रात्रपाळी देता येईल असं आलं, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. म्हणजे फ्री सीट आणि नाईट शिफ्ट, दोन्ही अडसर एकाच वेळी सरकले आहेत, निदान कागदावर. आपल्या वर्गातल्या एकाची मुलगी लोणेऱ्याला पेट्रोकेमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने दिवाळीत फोन केला. "आत्या, आमच्या कॉलेजातल्या मुली सगळ्या कोडिंग शिकतायत. मला प्लँटवर जायचंय. घेतील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला आपल्या प्लँटवाल्याचा नंबर दिला. त्याने तिला मे महिन्यातल्या शटडाऊनला इंटर्न म्हणून बोलावलंय, आणि बुटांचा नंबर विचारलाय, कारण त्यांच्या स्टोअरमध्ये सेफ्टी शूज सातच्या खाली नाहीत.