सौम्य, पण कुणासाठी?

२०११ साली जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला. सरकारनं संघाला मोठा राष्ट्रीय सन्मान दिला आणि त्यासोबत खेळाडूंना भेट म्हणून दिले मेकअपचे ब्रश. 'बायका जिंकल्या म्हणून मेकअपचं सामान का?' हा प्रश्न रास्तच आहे. पण ते ब्रश हिरोशिमाजवळच्या कुमानो या गावचे होते. आपल्याकडे पैठणी देऊन मान करावा, तशातला तो प्रकार होता.

कुमानो डोंगराळ गाव, शेती बेताची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले शेतकरी शेतीची कामं नसताना नारा-योशिनोच्या बाजूला मजुरीला जात आणि परत येताना तिथले लिहिण्याचे कुंचले आणि शाई विकत विकत येत. पुढे गावातल्या काहींनी कुंचले बनवायची विद्याच शिकून घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी शाळांमधून सुलेखन काही काळ हद्दपार झालं, कुंचल्यांची मागणी पडली, आणि गाव चित्रकलेच्या आणि मेकअपच्या ब्रशांकडे वळलं.

मला यात सगळ्यात भावलं ते तिथलं केस स्वच्छ करायचं तंत्र. जनावराच्या केसांवर नैसर्गिक तेल असतं. ते राहिलं तर ब्रश शाई धरत नाही. म्हणून केसांवर भाताच्या तुसाची राख भुरभुरायची, गरम करायचं, मग हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळायचं. राख तेल ओढून घेते, केसाचा वाकडेपणाही जातो. ना साबण, ना पाणी. राखुंडीनं दात घासणाऱ्या आणि राखेनं भांडी लख्ख करणाऱ्या पिढीच्या नातवंडांना हे ओळखीचं वाटायला हरकत नाही.

मी दर रविवारी माझे ब्रश घरीच धुते. मोबाइलवर त्याचे उपाय ढिगानं मिळतात: रिठा, व्हिनेगर, खायचा सोडा, ऑलिव्हचं तेल. प्रत्येक उपायासोबत दोन शब्द हमखास येतात, 'नॅचरल' आणि 'जेंटल', जणू ते एकाच अर्थाचे आहेत. कामात मला एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी भरलेल्या दिसल्या की मी त्या आधी सुट्या करते. इथेही तेच करायचं, तर इतिहासात थोडं मागं जावं लागतं.

सुरुवात राखेपासूनच. 'अल्कली' हा शब्द अरबीतून आला. मुळात तो खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेसाठी होता. ही राख पाण्यात कालवून गाळली की तिखट क्षार उतरतो आणि तो तेलासोबत शिजवला की साबण होतो. सीरियातल्या अलेप्पोचा ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण, स्पेनचा कॅस्टील साबण, फ्रान्समधल्या मार्सेचा साबण, हे सगळे याच कुळातले. म्हणजे साबणातला निम्मा भाग 'नैसर्गिक' असला तरी सौम्य अजिबात नव्हता. राखेचा कडक क्षार हात भाजू शकतो. तेलाशी त्याची पूर्ण क्रिया झाल्यावरच तो अंगाला लावण्याजोगा होतो.

राख पुरेना, तेव्हा फ्रान्सच्या निकोला लब्लांनं मिठापासून सोडा बनवायची पद्धत काढली. तिचं पेटंट १७९१ सालचं. साबण स्वस्त झाला, पण सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटू लागला. इंग्लंडमध्ये आसपासची झाडं आणि पिकं जळू लागली. अखेर १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेनं 'अल्कली कायदा' केला आणि किमान ९५ टक्के वायू कारखान्यातच अडवायची सक्ती केली. न्हाणीघरातल्या मऊ फेसाची किंमत भलतंच कुणीतरी मोजत होतं. तेव्हापासून 'सौम्य' हा शब्द दिसला की मी 'कुणासाठी?' असं विचारते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू ब्रशाच्याच इतिहासात आहे, आणि ती भयंकर आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधी दाढीचा उत्तम ब्रश म्हणजे बॅजर या प्राण्याच्या केसांचा. रशिया, चीनसारख्या देशांतून येणारे जनावरांचे केस जर्मनी किंवा फ्रान्समध्ये निर्जंतुक होऊन पुढे जात. युद्धानं तो मार्ग तोडला. त्याच वेळी ब्रशांची गरज मात्र वाढली, कारण सैनिकाला गुळगुळीत दाढी हवी होती. दाढी वाढलेली असेल तर विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. मग बाजारात बॅजरसारखे दिसणारे घोड्याच्या केसांचे ब्रश आले. त्यातले बरेचसे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या केसांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्याकडे गुरांना होणारी काळपुळी. वस्तऱ्यानं बारीकशी जखम व्हायची आणि ओल्या ब्रशातून बीजाणू थेट तिथे पोचायचे. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून दोनशेहून अधिक सैनिक आणि सामान्य नागरिकांना अशी लागण झाली. काही जण दगावले. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हतीच. १९२० साली ब्रिटननं जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. आपला कोड ठीक असतो, पण खालचा कुठलातरी सुटा भाग गुपचूप बदललेला असतो. त्या माणसांनी ब्रश साबणाच्या फेसात रोज घोळवला होता. बीजाणू साध्या साबण-पाण्यानं मरत नाहीत. त्यांची चूक काहीच नव्हती. केस पूर्णपणे नैसर्गिक होते, बीजाणूही नैसर्गिकच होते. घरात कितीही स्वच्छता पाळली, तरी जे काम आधीच्या टप्प्यावर व्हायला हवं होतं, ते बेसिनपाशी भरून निघत नाही.

आता रिठ्याकडे येऊ. या झाडाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द सॅपिंडस, म्हणजे 'भारतीय साबण' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचा जोड. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याचा एक भाग पाण्याला धरतो, दुसरा तेलाला, आणि दोघांच्या ओढाताणीत मळ सुटतो. साबणाचं पाणी क्षारधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ९ ते १०. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. क्षारात केस फुगतो, त्यावरचे खवले उघडतात आणि तो राठ होतो. लोकरीचे कपडे आणि रेशमी साड्या आपल्या घरांत रिठ्यानं का धुतल्या जायच्या, ते यावरून कळतं. लोकर काय, डोक्यावरचे केस काय आणि बकरीच्या केसांचा पावडर ब्रश काय, सगळं केराटिनच. त्यामुळे अशा ब्रशाला खायचा सोडा नको. 'नॅचरल' असला तरी तो क्षारच.

पण रिठाही सगळ्यांसाठी सौम्य नाही. डोळ्यांत गेला तर काय होतं, हे लहानपणी त्यानं न्हायलेल्या कुणालाही विचारा. हेच फळ पाण्यात टाकून मासे बेशुद्ध करून पकडायची रीतही जुनी आहे. केसाला मानवणारं सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही.

माझी पद्धत साधी आहे. चार-पाच रिठ्यांच्या साली रात्री कपभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी उकळून गाळायच्या. हे पाणी लवकर नासतं, म्हणून लागेल तेवढंच करायचं. फाउंडेशनचा ब्रश असेल तर आधी थेंबभर तेल चोळायचं, कारण तेलकट मेकअप तेलातच सुटतो. ब्रशाचं तोंड खाली ठेवून कोमट पाण्यात टोकं धुवायची. केस जिथे चिकटवलेले असतात त्या धातूच्या नळीत पाणी गेलं की डिंक सुटतो. स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळायचं, फडक्यात टिपायचं, बोटांनी आकार द्यायचा आणि टोक टेबलाच्या कडेबाहेर राहील असा आडवा सुकवायचा. ओला ब्रश डब्यात बंद करणं सगळ्यात वाईट. ओलाव्यात जंतू वाढतात. रिठा नसेल तर साधा सौम्य शाम्पूही तेच काम करतो.

नायलॉनच्या ब्रशांची गोष्ट निराळी. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे दात घासायचे ब्रश आले आणि डुकराच्या केसांची मक्तेदारी संपत गेली. आज मेकअपचे पुष्कळ ब्रशही कृत्रिम धाग्यांचे असतात. ते साबणाला दाद देत नाहीत, त्यांत जनावराचा आजार यायचा प्रश्न नाही. पण झिजल्यावर ते मातीत मिसळणार नाहीत. इथे धाग्याची सोय झाली, मातीची नाही.

म्हणून ब्रश घेताना मी आता दोनच गोष्टी विचारते: केस कशाचे आहेत, आणि ते बनवणाऱ्यानं कसे स्वच्छ केलेत? दुकानदाराला बहुतेक वेळा सांगता येत नाही. मग मी तो ब्रश घेत नाही. कालचं फाउंडेशन काढायला रिठ्याचं पाणी पुरतं. त्याआधीचं सगळं कुमानोच्या कारागिरासारख्या कुणीतरी, आपल्या नजरेआड, नीट केलेलं असावं लागतं.